अव्वाचा गुळगुळीत फोटो

हुरड्याचे दिवस आले की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, माझं डोकं सणकतं. परवा सकाळी एक गिऱ्हाईक पंपाचा फूटव्हॉल्व्ह मागायला दुकानात आलं. अंगावर शाल, आणि शालीला आगटीच्या धुराचा वास. शेतात खड्डा करून, गोवऱ्या पेटवून ज्वारीची कोवळी कणसं भाजतात, ती आगटी. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढून काउंटरवर ठेवली. "घ्या मालक, कवळा लुसलुशीत हाय. आत्ताच भाजलाय." मी चार दाणे तोंडात टाकले. गोड होते. त्या गोडीच्या पाठोपाठ नंदू आठवला आणि दाढा आपोआप आवळल्या. कित्येक वर्षं झाली, मी हुरडा असाच रागानं चावून खातोय.

नंदू आमच्याच गल्लीतला. शाळेत माझ्या बाकावर बसायचा. सोनपेठच्या बाजारपेठेत त्याचा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, आधारकार्ड, निवडणुकीचे फ्लेक्स, सगळ्या गावाचं तोंड त्याच्या हाताखालून जातं. मी आपला हौशी. माझं पाइप आणि पाण्याच्या मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान, आणि दुकानातून उरलेल्या वेळात कॅमेरा. त्यामुळे धंद्यातली चुरस आमच्यात कधीच नव्हती. त्यानं माझ्या आईचा चेहरा पुसला, एवढंच. फोटो खराब केला असं मी म्हणत नाही. चेहराच पुसला, आणि परत आणता येऊ नये अशी व्यवस्थाही केली.

या दिवसांतला उजेड आमच्याकडे फार देखणा असतो. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टरवर बसून कारखान्यांकडे निघून जातात, आणि गावं एकदम हलकी होतात. दारांना कुलपं, ओट्यावर एखादं म्हातारं माणूस, आणि अंगणात पडलेलं लांबच लांब ऊन. सकाळी गोदावरीच्या अंगानं धुकं वर येतं, तेव्हा रानातली ज्वारी नुसती कणसांपुरती दिसते. दुपार कलली की काळ्या मातीवरची धूळसुद्धा पिवळी होते. कॅमेरा हातात घेतलेल्या माणसाला अशा उजेडात घरी बसवत नाही. मी पूर्वी कुणाचीही पर्वा न करता निघायचो. आता निघतो, पण मनात तेच एक चाललेलं असतं.

माझा पहिला कॅमेरा जुना घेतलेला. परभणीला एका वकिलानं हौस फिटल्यावर विकायला काढला होता. घरी आणला तर बायको, मंगल, त्याच्याकडे बघून म्हणाली, "ह्यात पानी भरायचं का तेल?" दुकानाच्या मालात तिला तो पंपाचाच भाग वाटला असावा, किंवा तसं म्हणून तिनं माझी जिरवली असावी. पावसाळ्यात त्याच्या लेन्सला आतून बुरशी आली. पांढरी, बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारखी. कुणीतरी सांगितलं म्हणून मी लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवली. महिनाभर आमच्या भातात काय काय सापडेल याचा धसका मंगलनं घेतला होता. पुढं मी काचेचं झाकण असलेला डबा केला, त्यात बल्ब लावला, बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या त्या ओल टिपणाऱ्या पुड्या जमवल्या. कापसाच्या दिवसांत तर गाडीमागून उडणारी बारीक लव थेट आत जाऊन बसायची, आणि प्रत्येक आभाळात एकाच जागी एकच ठिपका यायचा. तो ठिपका पुसण्यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं. तेव्हा ठिपके पुसण्यात मला फार गंमत वाटायची.

अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, कॅमेऱ्याचं वावडं होतं. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. त्या गेल्या, पण गालांवर, नाकावर, कपाळावर खोल व्रण ठेवून गेल्या. कॅमेरा दिसला की ती पदर तोंडावर ओढायची, नाहीतर काहीतरी काम काढून उठून जायची. तिच्या लग्नातल्या एकुलत्या एका फोटोत ती मान इतकी खाली घालून बसलीय की मुंडावळ्यांखाली बाई आहे की नुसतं लुगडं, ते कळत नाही. मला या सगळ्याचं काही वाटायचं नाही. जुन्या बायका लाजतात, तशी लाजत असेल, एवढंच. मला तर तो चेहरा म्हणजे घर होतं. त्याच्यावरचा प्रत्येक खड्डा मी लहानपणी बोटानं मोजलेला होता.

दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर तिच्या कपाळावर कुंकू राहिलं नाही. भस्म मात्र होतं. आम्ही लिंगायत. सकाळी आंघोळ झाली, गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा झाली, की तीन बोटांनी कपाळावर तीन ओढी. पांढऱ्या, सरळ, या कानापासून त्या कानापर्यंत. त्याशिवाय ती चुलीला हात लावायची नाही. ताप आला तरी नाही, एसटी चुकत असली तरी नाही.

त्या वर्षी मी लांब पल्ल्याची लेन्स घेतली. पक्ष्यांसाठी घेतो असं सगळ्यांना सांगितलं, आणि थोडंफार खरंही होतं. हुरड्याला आम्ही सगळे शेतात गेलो होतो. नंदू होता, त्याचे वडील आप्पा होते, मंगल, शेजारपाजारच्या बायका. आगटीभोवती गोल बसलेले. अव्वा राखेतून कणीस काढायची, तसंच चटके खात तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायची, आणि पुढ्यातल्या ताटात दाणे ओतायची. दही, गूळ, शेंगदाण्याची चटणी. नंदू सगळ्यांत जास्त खायचा. लहानपणापासून त्याचं निम्मं जेवण आमच्याच घरी. ती त्याच्या पुढ्यात दाणे लोटत म्हणाली, "खा रे, तुझ्या तोंडाला काय हुरड्यानं पुरं पडायलंय व्हय! आख्खं रान लागंल." सगळे हसले. ती स्वतःही हसली. अशी की पुढच्या पडलेल्या दाताची फट दिसली, पदर खांद्यावर घसरला, डोळ्यांत धुराचं पाणी आलं.

मी पार बांधावर, बाभळीखाली होतो. तिला वाटलं मी पक्षी बघतोय. मी बटण दाबलं.

तसा फोटो मी आधी काढला नव्हता, नंतरही नाही. कपाळावर भस्माच्या तीन ओढी, त्यातली मधली घामानं थोडी ओघळलेली. गालावरच्या व्रणांत तिरपं ऊन शिरलेलं. हनुवटीला काजळी. मागं ज्वारी नुसती हिरवी-पिवळी, धूसर. मी धावत गेलो आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिला दाखवला. तिनं हात पदराला पुसले, कॅमेरा हातात घेतला, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "लय जवळून काढलास की रे."

"अगं मी तर तिकडं बांधावर होतो," मी म्हणालो.

"हं," म्हणाली, आणि कणसं काढायला वळली. तिला आवडला असं मी धरून चाललो.

संक्रांत तोंडावर आली असताना अव्वा गेली. पहाटे पूजेला बसली, आणि बसल्या जागीच मान कलली. आमच्यात माणसाला आडवं करून नेत नाहीत. आंघोळ घालतात, अंगाला भस्म लावतात, मांडी घालून बसवतात, फुलांनी सजवलेल्या मखरात बसवूनच मिरवत नेतात, आणि बसलेलंच समाधीत ठेवतात. हे सगळं त्याच दिवशी, अंग ताठायच्या आत जमवावं लागतं. मी थोरला. पाणी, बेल, जंगम स्वामींना निरोप, पाहुण्यांचे फोन. त्यात कुणीतरी म्हणालं, चौकात फ्लेक्स लावायला फोटो पाहिजे. नंदू समोर उभा होता, डोळे सुजलेले. मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. फोटो अजून तेवढ्या कार्डावरच होता. "तो आगटीजवळचा घे," म्हणालो. त्यानं मान हलवली आणि गेला.

समाधी झाली. परत येताना चौकात मान वर केली, तर फ्लेक्सवर एक अनोळखी बाई.

गोरीपान, नितळ. गालावर ना एक खड्डा, ना एक सुरकुती. हनुवटी साबणानं धुतल्यासारखी. मागं निळं आभाळ, त्यात पांढरे ढग, कोपऱ्यात उडणारं कबूतर. आणि कपाळ कोरं. भस्माची एक ओढ नाही. सॉफ्टवेअरनं त्वचा गुळगुळीत करताना त्या तीन ओढीही डाग समजून खाऊन टाकल्या होत्या. खाली अव्वाचं नाव लिहिलेलं होतं म्हणून बरं. आमच्यातले एक म्हातारे गृहस्थ माझ्या शेजारी थांबले, वर बघत राहिले, आणि म्हणाले, "बाईचं कपाळ असं बोडकं का केलं बाबा?" नुकतंच मी स्वतःच्या हातानं त्या कपाळाला भस्म लावून आलो होतो.

मी तसाच ओल्या कपड्यांनी स्टुडिओत गेलो. "माझं कार्ड दे." नंदूनं कार्ड दिलं. त्यात अंत्ययात्रेचे फोटो होते. मखर, गर्दी, टाळ, परत गर्दी. आगटीजवळचा फोटो नव्हता.

"जुना फोटो कुठंय?"

"कार्ड मोकळं केलं मी," नंदू म्हणाला. खाली बघत होता.

"तुझ्या कॉम्प्युटरवर?"

"मूळचा न्हाई ठिवला."

जन्मभर स्टुडिओ चालवणारा माणूस. लोकांच्या साखरपुड्याचे रद्दी फोटो वर्षानुवर्षं सांभाळणारा. त्यानं माझ्या आईचा फोटो पुसला आणि त्याच कार्डावर तिचीच अंत्ययात्रा काढली. मी त्याची कॉलर धरली. त्यानं हातही वर केला नाही. त्याचा मला जास्तच राग आला. लोकांनी सोडवलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

लोक म्हणतात, रागानं माणसाचं वाटोळं होतं. माझं तसं काही झालं नाही. मी रागापोटी शिकलो. हरवलेले फोटो परत आणणारी जेवढी सॉफ्टवेअर्स मिळाली तेवढी त्या कार्डावर चालवून पाहिली. अर्धवट फोटो यायचे. वरचा भाग आभाळ, खाली करड्या पट्ट्या. कधी माझाच जुना एखादा खंड्या, पंखाच्या मध्यापासून कापलेला. अव्वा एकदाही आली नाही. मग मी ठरवलं की नंदूनं जे पुसलं ते मी परत काढणार. हिंदीत शिकवणारे व्हिडिओ लावून, दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं तेव्हा, गल्ल्याशेजारी लॅपटॉप ठेवून बसायचो. थर म्हणजे काय, ब्रश कसा धरायचा, एका जागची त्वचा उचलून दुसऱ्या जागी कशी लावायची. सगळी पोरं ती साधनं चेहऱ्यावरचे मुरूम घालवायला शिकतात. मी उलटा निघालो. मी खड्डे पाडायला शिकलो.

फ्लेक्सचाच फोटो काढून तो कोरा चेहरा घेतला, आणि त्यावर आठवणीनं एकेक व्रण बसवू लागलो. नाकाच्या शेंड्याजवळचा, डाव्या भुवईवरचा, ओठाच्या कोपऱ्यातला. व्रणांचा एक थर, भस्माचा दुसरा, सुरकुत्यांचा तिसरा. सावली इकडून टाकायची की तिकडून, यात दिवस जायचे. लॅपटॉपवर बरी वाटायची ती परभणीच्या लॅबमधून छापून आली की हळद लावल्यासारखी पिवळी दिसायची. मग पडद्याचे रंग जुळवायचं यंत्र मागवलं. मंगल म्हणाली, "अव्वा होत्या तेव्हा त्यांच्या चष्म्याचा नंबर काढायला तुमाला येळ न्हवता." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दर हुरड्याला मी तो फोटो नव्यानं उघडायचो, आणि दर वेळी मला दिसायचं की ही ती नाही. नाकावरचा खड्डा जरा इकडं आहे का तिकडं, हे ठामपणे सांगणारं जगात आता कुणीच नव्हतं.

मधल्या काळात बारीकसारीक सूड मी घेतच होतो. पासपोर्ट फोटोसाठी नंदूच्या दारावरून एसटी धरून परभणीला जायचो, आणि परत येताना पाकीट त्याला दिसेल असं हातात धरायचो. पाहुण्यांच्या लग्नात फुकट फोटो काढून द्यायचो. नवरदेव नवरदेवासारखा दिसला की म्हणायचो, "बघा, सोललेला बटाटा न करता पण फोटो निघतो." नंदूच्या फोटोंना गावात बटाटे हे नाव पडलं, ते माझ्यामुळे. त्याच्या कानावर गेलं असणारच. तो रस्त्यात दिसला की बाजूला व्हायचा. त्याला एकदा तरी कळावं, असं मला मनापासून वाटायचं. आपल्या माणसाच्या जागी परकं माणूस फ्रेममध्ये बसलेलं बघताना पोटात काय होतं, ते त्याच्याच पोटात व्हावं. देवासमोर हात जोडले तरी मनात हेच यायचं. लाज वाटायची नाही.

मागच्या हिवाळ्यात नंदूचे आप्पा गेले.

आप्पा आठवडी बाजारात हळद-मिरची घेऊन बसायचे. डाव्या भुवईवर बैलाच्या शिंगानं झालेली जुनी चीर, एका डोळ्यात पांढरं फूल, बोटं कायमची पिवळी. नंदूशी माझं बोलणं नव्हतं, पण आप्पांशी मी कधी तोडलं नाही. एकदा बाजारात त्यांनी मला हाक मारून बोलावलं होतं. "काढ की माझा बी एक. पोरगा समद्या गावाचा काढतो, मला न्हाई इचारत." मी काढला. मिरच्यांच्या ढिगामागं बसलेले, फुटक्या डोळ्यासकट थेट कॅमेऱ्यात बघणारे, भस्म, मिशा, सगळं जागच्या जागी. स्टुडिओवाल्यांच्या घरच्यांचे फोटो काढायचे राहूनच जातात. नंदूकडे त्यांचा आधारकार्डावरचा तेवढा होता, आणि त्यात कोणीही आरोपीच दिसतं.

समाधीच्या तिसऱ्या दिवशी नंदू दुकानात आला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. दाढी वाढलेली, आवाज बसलेला.

"बाळू, आप्पांचा फोटो हाय मन्ले तुझ्याकडं. बाजारातला."

"आहे."

"दे. शिवगणाराधनेला फ्रेम लावायचीय. पाहुणे येतील, स्वामी येतील." शिवगणाराधना म्हणजे आमच्यात गेलेल्या माणसासाठी होणारी पूजा आणि जेवण. मग थांबून म्हणाला, "तूच करून दे शिस्तीत. माझ्यानं होईना. आप्पांचा फोटो उघडून बसायला हात धजंना."

मी हो म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की त्याला बरं वाटलं असावं. मंगल आतून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "चांगला द्या हो. मेलेल्या माणसाशी काय वैर?" माझं वैर मेलेल्या माणसाशी नव्हतं, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

त्या दुपारी मी दुकान अर्ध्या शटरवर ठेवलं आणि कामाला बसलो. सूड गोड असतो असं लोक म्हणतात, त्यांचं खरं आहे. मी आधी भुवईवरची चीर भरली. मग डोळ्यातलं फूल काढून, चांगल्या डोळ्यातलं बुबुळ उचलून तिथं बसवलं. मिशा काळ्या केल्या. गालांवरून ब्रश असा फिरवला की कढीत पडलेल्या भज्यासारखे ते फुगून आले. मिरच्या काढून टाकल्या, निळं आभाळ लावलं, आणि नंदूच्या फ्लेक्सवर होतं तसलंच कबूतर शोधून कोपऱ्यात ठेवलं. शेवटी भस्म. तिथं माझा हात क्षणभर थांबला. मग तेही पुसलं. आप्पांचं कपाळ कोरं झालं. मूळ फोटो मी नीट दोन ठिकाणी ठेवला होता. तो मला पाहिजे होता, नंदूला देण्यासाठी नाही, आपल्याकडे आहे आणि त्याच्याकडे नाही एवढ्यासाठी.

परभणीहून छापून, फ्रेम करून आणली. कागदात गुंडाळून नंदूच्या घरी नेली. तो ओसरीवर एकटाच बसला होता. बायका आत पुरणाची डाळ निवडत होत्या. त्यानं कागद काढला. मी उभाच राहिलो. मला त्याचं तोंड बघायचं होतं.

त्यानं फ्रेम उजेडाकडे धरली. ओठ हलले. मग फ्रेम मांडीवर ठेवली आणि हळू म्हणाला, "हे आप्पा न्हाईत."

"का? छान तर दिसायलेत," मी म्हणालो. असं वाक्य मी कित्येक वर्षं तयार ठेवलं होतं.

त्यानं कबुतरावर बोट ठेवलं. मग कपाळावर. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं हे मला दिसलं. मी जिंकलो होतो. पोटात छान गरम वाटलं.

"अव्वाचा सूड काढलास," तो म्हणाला.

"मग? तू तिचं तोंड पुसलंस. मूळ फोटोसुद्धा ठेवला नाहीस. कार्ड मोकळं केलं म्हणे! तुला कळावं म्हणून केलं मी."

नंदूनं फ्रेम उलटी करून बाजूला ठेवली. नाक शिंकरलं. "अव्वानं शपथ घातली होती मला," म्हणाला. "बाळूला सांगू नगंस मनून. इतकी वर्सं न्हाई सांगितलं. आता तू हे केलास तर सांगतो. हुरड्याच्या दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत आली होती. एकटीच. मला मन्ली, आमच्या बाळ्यानं माझा फोटो काढलाय, समदे खड्डे दिसायलेत. त्याला आवडलाय, मनून मी काही बोलले न्हाई. पर मी मेले का तोच लावंल त्यो भिंतीवर. जल्माचं ह्येच तोंड भिंतीवर कशाला? तुझ्याकडं ते पुसायचं यंत्र हाय ना? तेवढं पुस माझं. आन् पयला फोटो ठिवू नगंस कुटं."

मी ओसरीच्या कडेला बसलो.

"सासरी तिला चाळणी मनायचे, तुला म्हाईत हाय का?" नंदूनं विचारलं. "लगीन होऊन आली त्या दिसापासनं. तुझी आज्जी, तुझ्या आत्या, समदे. चाळणी, पानी आन. चाळणी, भाकरी वाढ. तुझे दादा बी हसायचे. तिनंच सांगितलं मला. रडली न्हाई सांगताना, नुसती हसत होती. ती गेली त्या दिवशी मी स्टुडिओत रडत रडत एकेक खड्डा भरला, बाळू. तिनं मला जेवू घातलं, मला एवढंच काम सांगितलं आयुष्यात."

"आणि भस्म?" माझ्या तोंडून निघालं. "भस्म पुसायला पण तिनंच सांगितलं?"

नंदूनं मान खाली घातली. "त्ये माझं पाप. घाईत एकदम सगळ्या तोंडावर फिरवलं. फ्लेक्स लागल्यावर दिसलं मला. मूळ फोटो तर पुसला होता. परत कुटनं आनू? तू कॉलर धरलास तवा मला वाटलं, बरं झालं, तेवढ्यासाठी तरी मार."

मी दुकानात आलो, पेनड्राइव्हवर आप्पांचा मूळ फोटो घेतला आणि परत जाऊन त्याच्या हातात दिला. शिवगणाराधनेला मिरच्यांच्या ढिगामागचे आप्पा भिंतीवर होते, एका डोळ्यानं सगळ्यांकडे बघत. आम्ही अजून फारसं बोलत नाही. रस्त्यात दिसला तर तो आता बाजूला होत नाही, एवढंच.

राग गेला असं मात्र कुणी समजू नये. उलट त्याला आता नीट पत्ता मिळाला. चाळणी म्हणणारी आज्जी केव्हाच गेली, आत्या गेल्या, हसणारे दादाही गेले. त्यांच्या तसबिरी आमच्या बैठकीत ओळीनं आहेत, हार घातलेल्या. मेलेल्या माणसांवर सूड कसा उगवायचा हे कुठल्याच व्हिडिओत शिकवत नाहीत. मी फक्त त्या तसबिरी तिथून काढल्या आणि माळ्यावर टाकल्या. पाहुण्यांनी विचारलं तर रंगकाम काढलंय म्हणून सांगतो. भिंत तशीच आहे.

परवा तो हुरडा खाऊन झाल्यावर दुपारी लॅपटॉप उघडला. अव्वाचा फोटो समोर घेतला. इतक्या वर्षांत मी बसवलेले सगळे व्रण एका थरावर होते. किती बारीक काम केलं होतं मी, एकेका खड्ड्याच्या कडेला सावली, तळाशी उजेड. तो थर निवडला आणि पुसून टाकला. मागोमाग सुरकुत्यांचाही. भस्माच्या तीन ओढी तेवढ्या ठेवल्या, त्याही जरा सरळ केल्या.

मंगल चहा घेऊन आली होती. पडद्याकडे बघत उभी राहिली. "ह्या अव्वा वाटंनात हो," म्हणाली.

"मलाही वाटत नाहीत," मी म्हणालो. "पण तिला हीच पाहिजे होती." आणि फोटो छापायला पाठवून दिला.